गलका आणि शब्द

१९७७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. कार्ल पिअर्सन्स, रिकार्डा बेनेट आणि सॅनफर्ड फिडेल या तीन संशोधकांनी त्यासाठी घरांत, शाळांत, रुग्णालयांत, मोठ्या दुकानांत, आगगाड्यांत आणि विमानांत चालणारी बोलणी मोजली होती. बोलणाऱ्याचा आवाज किती आणि भोवतालचा गोंगाट किती, हे दोन आकडे त्यांना प्रत्येक ठिकाणी हवे होते. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, पण गोंगाटाच्या चालीने तो चढत नाही. शांत घरात शब्द गोंगाटाच्या पुष्कळ वर असतो. आगगाडीत आणि विमानात दोन्ही जवळजवळ बरोबरीला येतात.

शाबूत कान ही बरोबरी निभावून नेतो. आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यातल्या केसपेशी वयाने, गोंगाटाने किंवा काही औषधांनी झिजल्या की मात्र नुसता आवाज मोठा करून भागत नाही. शब्द मोठा होतो तसा गलकाही मोठा होतो. “ऐकू येतं, पण कळत नाही,” ही तक्रार मराठी घरांतही याच शब्दांत ऐकू येते.

त्याच वर्षी, २४ मे १९७७ रोजी, अभियंते डॅनियल ग्राउपे आणि श्रवणशास्त्रज्ञ डॉनल्ड कॉसी यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. भोवतालच्या आवाजातला एकसुरी गोंगाट यंत्राने स्वतः ओळखावा आणि तेवढाच गाळावा, अशी त्यातली योजना होती. तोवर श्रवणयंत्राकडे मुख्य काम एकच होते: जे येईल ते मोठे करणे. आता त्याच्याकडून पारख मागितली जाऊ लागली. या पारखीचा अमेरिकेतला प्रवास श्रवणयंत्र वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे. आपल्या माणसाच्या कानातले यंत्र काय करू शकते आणि कुठे हतबल होते, हे त्यातूनच कळते.

आवाज मोठा करण्याची विद्या अमेरिकेत टेलिफोनच्या पोटी जन्मली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येत असे आणि पत्नी मेबल यांना मुळीच येत नसे. १८७६ साली त्यांनी टेलिफोन सिद्ध केला. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अलाबामातल्या मिलर रीस हचिसन यांनी टेलिफोनच्याच कार्बन मायक्रोफोनच्या आधारे विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनवले. १९४७च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला, तेव्हा बेल यांच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून त्याचे स्वामित्वशुल्क घेतले गेले नाही. म्हणूनच सामान्य ग्राहकाच्या हाती ट्रान्झिस्टर प्रथम पोचला तो श्रवणयंत्रातून. सोनोटोन कंपनीचे १०१० हे यंत्र १९५२च्या अखेरीस बाजारात आले आणि त्याची किंमत होती २२९ डॉलर ५० सेंट. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. जॅक किल्बी यांच्या एकात्मिक परिपथाचेही तसेच झाले. तो घरगुती वापरात उतरला १९६४ साली, झेनिथ कंपनीच्या श्रवणयंत्रातून.

यंत्र असे लहान होत खिशातून कानामागे आणि कानामागून कानाच्या आत गेले. पण बैठकीची खोली आणि भरलेला बाजार यांतला फरक त्याला कळत नव्हता. तो फरक महत्त्वाचा आहे याची जाणीव मात्र जुनी होती. दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या आणि विमानांच्या आवाजाने कान गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकी सैन्याने तीन रुग्णालयांत खास केंद्रे उघडली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावचे डेशॉन रुग्णालय त्यांतले एक. तिथे रेमंड कारहार्ट सैनिकाला एकामागून एक यंत्रे लावून पाहत आणि त्याला किती शब्द कळतात ते शांततेत तसेच गोंगाटातही मोजत. अमेरिकेतल्या ऑडिओलॉजीची, म्हणजे श्रवणशास्त्राची, घडी या केंद्रांत बसली. १९५३ साली एमआयटीत काम करताना कॉलिन चेरी यांनी पुढचा प्रश्न विचारला. मेजवानीत दहा जण एकदम बोलत असताना आपण त्यांतल्या एकाचेच कसे ऐकतो? माणसाच्या मेंदूची ही किमया यंत्रात आणायची कशी, हा पुढच्या सगळ्या प्रयत्नांचा गाभा ठरला.

ग्राउपे आणि कॉसी यांनी या प्रश्नाचे एक टोक पकडले. पत्र्याच्या छपरावर पावसाची झड लागली आहे आणि खाली बसून कोणी गोष्ट सांगत आहे, असे समजा. पावसाचा आवाज या क्षणी जसा आहे तसाच पुढच्या क्षणीही असतो. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज मात्र अक्षरागणिक उठतो आणि बसतो. सेकंदाला चारेक अक्षरे उच्चारली जातात आणि दोन अक्षरांच्या मधे आवाज खाली येतो. कोणत्याही भाषेतल्या बोलण्याला हा चढउतार असतो. मग यंत्राने खालच्या-वरच्या स्वरांच्या प्रत्येक पट्टीत एवढेच पाहायचे, की आवाज हेलकावतो आहे की सपाट वाहतो आहे. सपाट असेल तर ती पट्टी खाली दाबायची, हेलकावत असेल तर मोकळी सोडायची. शब्दाचा अर्थ यंत्राला कळत नाही, पण शब्दाची चाल कळू शकते. या विचारातून १९८०च्या दशकात ‘झीटा नॉइज ब्लॉकर’ नावाची चिप निघाली आणि ती काही श्रवणयंत्रांत बसवली गेली.

स्वतंत्र चाचण्यांत तिचा लाभ सर्वांना सारखा दिसला नाही. सपाट आवाज म्हणजे गोंगाट आणि हेलकावणारा आवाज म्हणजे बोलणे, ही कसोटी दोन्ही बाजूंनी अपुरी पडते. लग्नाच्या पंगतीत नकोसा वाटणारा आवाज हा बोलण्याचाच असतो. शेजारच्या पानावरची माणसे आपल्या भाषेत, आपल्याच चालीने बोलत असतात. उलट तानपुरा अखंड, संथ वाजत राहतो. केवळ या कसोटीने तोही गोंगाटात जमा व्हायचा. यंत्राला आवाज ओळखायचा तर त्याने एकाच खुणेवर विसंबून चालणार नाही, हे उघड झाले. आणि अनेक खुणा एकाच वेळी तपासायला गणकयंत्र हवे होते.

ते गणकयंत्र न्यूयॉर्कमध्ये तयार होते, पण त्याचा आकार कपाटाएवढा होता. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये हॅरी लेविट यांनी १९८२ साली वेगवान गणनेचा संगणक वापरून प्रयोगशाळेत अंकीय श्रवणयंत्र चालवून दाखवले. मायक्रोफोनमधून आलेला आवाज आकड्यांत बदलायचा, त्या आकड्यांवर हवी ती क्रिया करायची आणि त्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे सगळे बोलणे चालू असतानाच. यंत्र कानात बसण्याजोगे नव्हते, पण कानात काय बसवायचे ते त्याने दाखवले. सेंट लुइसमध्ये मेनार्ड एंगेब्रेटसन, रॉबर्ट मॉर्ली आणि जेराल्ड पोपेल्का हे याच सुमारास अंगावर वागवता येईल अशा अंकीय यंत्राच्या मागे होते.

विस्कॉन्सिनमधल्या निकोलेट कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘फीनिक्स’ हे अंकीय यंत्र विकायलाही काढले. त्याची पेटी अंगावर बाळगावी लागे आणि तिची तार कानापर्यंत जाई. कानाआड लपणाऱ्या यंत्रांची सवय झालेल्या ग्राहकाने ते स्वीकारले नाही आणि कंपनीने तो नाद सोडला. त्याच काळात थ्रीएमच्या ‘मेमरीमेट’ने वेगळी वाट धरली. आवाज अंकीय नव्हता, पण निरनिराळ्या जागांसाठी आठ निरनिराळ्या जुळण्या यंत्रात साठवता येत. घरासाठी एक, हॉटेलसाठी एक, गाडीसाठी एक. कोणती जुळणी केव्हा लावायची, हे मात्र वापरणाऱ्यानेच बटण दाबून ठरवायचे होते.

१९९६ साली डेन्मार्कच्या वायडेक्स आणि ओटिकॉन या कंपन्यांची संपूर्ण अंकीय यंत्रे बाजारात आली, आणि लेविट यांचे कपाट कानामागे मावले. त्यांच्याच जोडीने दिशा ओळखणारे मायक्रोफोन रुळू लागले. दोन मायक्रोफोनांपर्यंत आवाज किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून मागचा आवाज दाबून समोरचा उचलता येतो. प्रयोगशाळेत याचा लाभ ठळक दिसे. समोर बोलणारा, मागे गोंगाट अशी मांडणी केली की रुग्णाला जास्त शब्द कळत. पण प्रत्येक जागी हा मायक्रोफोन चालू ठेवता येत नाही. मागून हाक आली तर ती चुकते, वाऱ्याचा घोंगाटही वाढतो. म्हणून यंत्रावर बटण आले: एका बाजूला चहूकडचे ऐकणे, दुसऱ्या बाजूला समोरचे.

या बटणाचे पुढे काय होते, हे वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात मेरी कॉर्ड, रॉना सर, ब्रायन वॉल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००२ साली प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतला लाभ रोजच्या जगण्यात उतरतो का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. उत्तर मन खिन्न करणारे होते. कित्येकांनी बटणाला हात लावणेच सोडून दिले होते. यंत्र सुरू होताना ज्या जुळणीवर असे, त्याच जुळणीवर ते दिवसभर राही. यात आश्चर्य नाही. बटण दाबण्यासाठी माणसाला आधी कळावे लागते की आपण आता वेगळ्या आवाजाच्या जागेत आलो. मग आठवावे लागते की अशा जागी कोणती जुळणी बरी. आणि मग गप्पांच्या मधेच हात कानाकडे न्यावा लागतो. ज्याला बोलणे पकडायलाच सारी शक्ती लागते, त्याच्यावर हे तिहेरी ओझे टाकणे न्याय्य नव्हते.

त्या ओझ्यातून सोडवण्याची तयारी न्यूयॉर्कमध्ये आधीच झाली होती. लेविट यांच्याच विद्यापीठात जेम्स केट्स यांनी १९९५ साली रोजच्या गोंगाटांचे वर्गीकरण करणारा निबंध प्रसिद्ध केला. आवाजाचा सरासरी सूर किती उंच, खालच्या आणि वरच्या स्वरांकडे त्याची ताकद कशी उतरत जाते, आणि वेळेनुसार तो किती हेलकावतो, अशा मोजक्या खुणांवरून आवाजांचे गट पाडता येतात, हे त्यांनी दाखवले. त्याआधी १९९० साली माँट्रियालच्या अल्बर्ट ब्रेगमन यांनी कान भोवतालच्या कल्लोळातून एकेक आवाज कसा सोडवून घेतो याची सविस्तर मांडणी केली होती. अमेरिका खंडातले हे दोन धागे झुरिकमध्ये एकत्र आले. तिथले मायकेल ब्युखलर, सिल्विया अलेग्रो, श्टेफान लाउनर आणि नॉर्बर्ट डिलिअर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ध्वनिपरिसराचे चार वर्ग होते: निव्वळ बोलणे, गोंगाटातले बोलणे, निव्वळ गोंगाट आणि संगीत.

त्यांची पद्धत पाहिली की १९७७ पासूनचे अंतर लक्षात येते. हेलकावा ही ग्राउपे यांची खूण तिथे आहेच. तिच्यासोबत स्वरमेळ तपासला जातो, म्हणजे आवाजात मूळ सूर आणि त्याचे पटीतले उपस्वर आहेत का. पावसात ते नसतात, तानपुऱ्यात भरपूर असतात. आवाज किती झटक्याने सुरू होतात ते पाहिले जाते. ताल आहे का, हेही पाहिले जाते. या साऱ्या खुणा एकत्र तोलून यंत्र आपला कौल देते आणि त्या वर्गाला साजेशी जुळणी लावते. संगीत ओळखले तर गाळणी उघडते, गोंगाटातले बोलणे ओळखले तर दिशेचा मायक्रोफोन पुढे येतो.

हे सगळे करताना यंत्राचे हात बांधलेले असतात. कानामागच्या बटणाएवढ्या बॅटरीतून त्याला एखाद्या मिलिवॉटच्या आसपासच शक्ती मिळते. आवाज आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाहून अधिक उशीर झाला तर समोरच्याच्या ओठांशी आणि स्वतःच्या आवाजाशी त्याचा मेळ तुटू लागतो. परिसराचा कौल मात्र घाईने देऊन चालत नाही. कोणी टाळी वाजवली की जुळणी बदलली, टाळी थांबली की पुन्हा बदलली, असे झाले तर माणूस त्रासून यंत्र काढून ठेवेल. म्हणून यंत्र काही सेकंद थांबते, खात्री करते आणि हळूच सरकते. उतावळेपणा आणि ढिलाई यांच्यामधली ही वेळ साधणे वर्गीकरणाइतकेच अवघड असते.

२०१०पर्यंत स्वयंचलित वर्गीकरण जवळजवळ प्रत्येक नामांकित यंत्रात आले. ते जितके अधिक बारीक, तितकी यंत्राची किंमत अधिक, अशी बाजाराची रीत पडली. या रीतीची परीक्षा टेनेसीतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि जानी जॉन्सन यांनी घेतली. नामांकित कंपन्यांची साधी आणि महागडी यंत्रे त्यांनी लोकांना रोजच्या जगण्यात वापरायला दिली. कोणते यंत्र महाग ते वापरणाऱ्यांना सांगितले नव्हते. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: यंत्रांनी लोकांचे ऐकणे सुधारले, पण साध्या आणि महागड्या यंत्रांच्या लाभात रोजच्या आयुष्यात फरक आढळला नाही. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मूळ मेडिकेअरमधून, श्रवणयंत्राचा खर्च मिळत नाही. तिथे एका यंत्राला दोन हजार डॉलरहून अधिक मोजणाऱ्या कुटुंबासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा होता.

त्याच सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात वर्गीकरणाने नवे वळण घेतले. डेलियांग वांग आणि एरिक हीली यांनी संपूर्ण खोलीला एक नाव देण्याऐवजी आवाजाचे अतिसूक्ष्म तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात शब्द वरचढ आहे की गोंगाट, हे मज्जाजालासारख्या संगणकीय जाळ्याला शिकवले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कमी ऐकू येणाऱ्यांना गोंगाटातले शब्द कितीतरी अधिक कळले. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत फिलिपोस लोइझू आणि नासर केहतरनवाझ यांच्या गटाने गोंगाटाचा प्रकार ओळखून गाळणी बदलण्याचे तंत्र आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तयार केले. प्रयोगशाळेतले हे यश कानातल्या तुटपुंज्या शक्तीवर उतरवणे हे पुढच्या दशकाचे काम झाले.

मिनेसोटातल्या स्टार्की या अमेरिकी कंपनीने २०१८ साली ‘लिव्हिओ एआय’ हे यंत्र आणले आणि दोन वर्षांनी त्याच्या पुढच्या आवृत्तीत एक लहानशी सोय दिली. ऐकणे अवघड झाले की वापरणाऱ्याने यंत्रावर बोटाने दोनदा टिचकी मारायची. यंत्र त्या क्षणीचा परिसर नव्याने तपासते आणि जुळणी बदलते. मला ही सोय या साऱ्या इतिहासातली फार बोलकी घटना वाटते. वॉल्टर रीडमध्ये ओझे ठरलेले बटण वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतल्याला बरीच वर्षे लोटली होती. आता त्याचा थोडा हिस्सा त्याला परत मिळाला. कोणती जुळणी बरी हे त्याला आठवावे लागत नाही, तो हिशेब यंत्र करते. “मला आत्ता कळत नाहीये,” एवढे सांगणे मात्र त्याच्याकडे राहिले, कारण ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.

कायद्याचीही पावले पडली. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९७७ सालीच श्रवणयंत्रांच्या विक्रीला वैद्यकीय तपासणीशी जोडणारा नियम केला होता. २०१७च्या कायद्याने त्या वाटेवरची एक खिडकी उघडली आणि १७ ऑक्टोबर २०२२पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना अमेरिकेत दुकानातून थेट यंत्र घेता येऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या एअरपॉड्स प्रो दोनमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही मान्यता मिळाली. यंत्र स्वस्त झाले आणि हाताशी आले. त्याची जुळणी बसवून देणारा माणूस मात्र त्या व्यवहारातून अनेकदा गळाला.

या अर्धशतकाचा माझ्या मते एकच निष्कर्ष आहे. आवाज कोणत्या जातीचा, हे यंत्र आज चांगले ओळखते. त्यांतला कोणाचा आवाज आपल्याला हवा, हे त्याला परिसरावरून कळू शकत नाही. घरच्या गणपतीत आरती चालू असते, झांजा वाजत असतात आणि आजोबांच्या बाजूला बसलेली नात काही विचारत असते. यंत्र त्याला संगीत म्हणो की गोंगाट म्हणो, आजोबांना त्या क्षणी नातीचा प्रश्न हवा असेल किंवा आरती हवी असेल. तो निर्णय त्यांचाच आहे.

म्हणून घरात कोणासाठी श्रवणयंत्र घेणार असाल, पुण्यात घ्या की न्यू जर्सीत, तर ऑडिओलॉजिस्टकडे जाताना त्या व्यक्तीच्या दिवसभरातल्या आवाजांची यादी घेऊन जा: देवळातले भजन, भाजीबाजार, रविवारचे जेवण, फोनवरचे बोलणे. यंत्र कोणत्या परिसरात किती वेळ होते याची नोंद आज बहुतेक यंत्रे ठेवतात. दोनतीन आठवड्यांनी परत जाऊन ती नोंद पाहायला सांगा आणि जुळणी सुधारून घ्या. आणि घरी आल्यावर त्यांच्या मागून हाक मारू नका. समोर या, चेहरा दिसू द्या आणि टीव्ही बंद करून बोला.